आत्याच्या दाढेचं सोनं

निखिल, तुझ्या दाताला टोपी बसवली हे मला गेल्या रविवारी फोनवर कळलं, आणि त्यानंतर बराच वेळ तुझ्या आईने, तुझ्या बाबांनी आणि शेवटी तू स्वतः आळीपाळीने मला त्या दुःखाची हकीकत ऐकवली. खुर्ची गादीची होती, सुई टोचल्यावर जबडा बधिर झाला, डोळ्यांसमोर छताला टीव्ही टांगलेला होता, आणि तरीही तुला दोन दिवस आइस्क्रीमशिवाय काही गिळवलं नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की मी कपाटातून कागद काढले आणि आमच्या घरात पहिल्या दोन टोप्या कशा बसल्या ते लिहायला घेतलं. तुझ्या बहिणीने, इराने, तुला हे मोठ्याने वाचून दाखवावं. म्हणजे तिचं मराठी सुधारेल आणि तुझं दुखणं.

मला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते हे तुम्ही जाणताच, तेव्हा आधी माणसं आणि मग दात. आमचं गाव गेवराईच्या बाजूला, गोदावरीच्या काठापासून फार दूर नाही. राज्य निजामाचं होतं, जमीन माझ्या वडिलांची होती आणि घर माझ्या आत्याचं होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांना उर्दू उत्तम येत असे आणि शेरवानी त्याहून उत्तम शोभत असे. वर्षातून एकदोनदा ते हैद्राबादला जात. कशासाठी जात हे आम्हाला कधी कळलं नाही, पण परत येताना काहीतरी नवीन घेऊन येत. एकदा घड्याळ आणलं, ते बंद पडलं. एकदा ग्रामोफोन आणला, त्यात उंदीर व्याले. आणि एकदा ते वरच्या ओळीत, अगदी समोर, एक सोन्याचा दात घेऊन आले.

तो दात किडलेला नव्हता, मोडलेला नव्हता, दुखतही नव्हता. तो पूर्ण निरोगी दात होता. हैद्राबादेत बड्या लोकांच्या तोंडात सोनं पाहून अण्णांनी तो चारी बाजूंनी कानशीने घासून घेतला आणि त्यावर सोन्याची टोपी चढवली. अण्णा मुळात हसणारे गृहस्थ नव्हते. कुळांना तर त्यांचे ओठ हलतात एवढंच माहीत होतं. पण त्या दिवसापासून ते हसू लागले. मयताला गेले तरी हसत. माझी आई कधी मोठ्याने बोलत नसे, पण जात्यावर बसली असताना मला म्हणाली, "छबे, आता तुझे अण्णा भांडताना बी चांगले दिसतेत बग."

आत्या अण्णांची थोरली बहीण. ती चकलांब्याला दिली होती आणि दिल्यावर लवकरच विधवा होऊन परत आली. तिच्या सासरच्यांनी तिचे सगळे दागिने ठेवून घेतले. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक सासरची असते आणि एक माहेरची. त्यांनी सासरची ठेवून घेतली आणि माहेरची तिच्या पदरात बांधून दिली. असे न्यायी लोक. त्यानंतर आत्याच्या अंगावर सोन्याचा कण नव्हता, काचेची बांगडी नव्हती, कपाळावर काही नव्हतं. दिसायची मात्र सगळ्या घरात तीच. पहाटे चुलीचा पहिला धूर तिचा, आणि दिवसभर घरात जो एक आवाज थांबत नसे तो तिच्या हाताखाली थापल्या जाणाऱ्या भाकरीचा. थप, थप, थप, मग परातीत हलकेच फिरवणं, मग तव्यावर चर्र. आम्ही मुलं त्या आवाजाने उठत असू. शाळेत घंटा असते हे मला पुढे हैद्राबादला गेल्यावर कळलं.

ती सर्वांना वाढून शेवटी जेवायला बसे. स्वतःसाठी ती एक भाकरी निखाऱ्यावर उभी करून ठेवत असे, इतकी कडक होईपर्यंत की पापुद्रा हाताने मोडावा लागे. त्यावर कारळाची चटणी आणि कच्चं तेल. ती खाताना होणारा कडकड आवाज मला ओसरीवर ऐकू येई. साऱ्या जन्मात त्या बाईला जे काही स्वतःसाठी म्हणून मिळालं, ते एवढंच होतं. उजव्या बाजूच्या दाढा गावच्या न्हाव्याने कधीच उपटल्या होत्या, कारण त्या काळी दातावर एकच उपचार होता आणि तो न्हाव्याला येत होता. त्यामुळे आत्या डाव्या बाजूने खात असे, आणि डाव्या बाजूला खालची एक दाढच काय ती कामाची होती.

त्या हिवाळ्यात अण्णांनी बीडच्या मोठ्या साहेबांना हुरड्याला बोलावलं. शेतात आगटी पेटली, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली गेली, गडी ती चोळून गरम गरम दाणे पाहुण्यांपुढे टाकू लागले. अण्णा ऊन तोंडावर येईल असे बसले होते, म्हणजे दात चमकावा. पाहुण्यांना वरचा स्वच्छ हुरडा आणि घरच्या बायकांना तळचा, अशी रीत. खडे तळाला बसतात हे तुम्ही शाळेत शिकला असाल. आत्याच्या पहिल्याच घासात खडा आला आणि तिची ती एकुलती दाढ वरून फुटली.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात वैद्यकशास्त्राची मोठीच प्रगती झाली. लवंग झाली, हिंग झाला, तंबाखूची गोळी झाली, रुईचा चीक झाला. कुणीतरी सांगितलं म्हणून गरम खिळा टेकवून झाला. आत्याचा गाल सुजला, तिने तो फडक्याने बांधला आणि भाकऱ्या थापणं चालूच ठेवलं. स्वतः मात्र ती दुधात कुस्करलेला भात आणि आंबील यावर आली, आणि तेही अर्धं टाकून उठू लागली. तिच्या दंडावरची चोळी ढिली झाली. अण्णांच्या हे लक्षात आलं नाही, कारण नेमक्या त्याच दिवसांत एक गंभीर संकट कोसळलं: त्यांची सोन्याची टोपी हलू लागली.

त्यासाठी माणूस पाठवून बीडहून दंदानसाज बोलावण्यात आला. दात बसवणाऱ्याला तेव्हा आमच्याकडे दंदानसाज म्हणत. हे कादरसाहेब मूळचे हैद्राबादचे. मोठ्या साहेबांची कवळी बनवायला बीडला येऊन राहिले होते. काळी टोपी, अत्तराचा फाया आणि दोन पेट्या घेऊन ते आले, आणि पेट्यांतून शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं एक यंत्र निघालं. त्यांचा आपल्या कलेवर फार विश्वास होता आणि आमच्या घरच्या मटणावर त्याहून जास्त. अण्णांची टोपी त्यांनी चिमटीत धरून जरा दाबली, पुन्हा चिकटवली आणि आठ दिवस मुक्काम ठोकला.

तिसऱ्या दिवशी आईने धाडस केलं. ताट वाढायला आत्यालाच पुढे पाठवलं, बांधलेल्या गालासकट. कादरसाहेबांनी वर पाहिलं. "अम्मा, ये क्या है? मुँह खोलो." आत्याने अण्णांकडे पाहिलं, अण्णा हसत होते, पण ते नेहमीचंच. तिने तोंड उघडलं. कादरसाहेबांनी एक बारीक आरसा आत घातला, दाढेवर टकटक केलं आणि म्हणाले, "जड़ मजबूत है. ऊपर का गया. शीर को दवा लगा के सोने की टोपी चढ़ाए तो उम्रभर चलती. नै तो निकालना पड़ेगा."

"उपटली तर?" आत्याने विचारलं.

"फिर नरम खाना, अम्मा. खिचड़ी, दूध."

"जलमभर?"

"हौ."

आत्या आमटीची पळी पातेल्यात ठेवून आत गेली. त्या दिवशी भाकऱ्या थापण्याचा आवाज आला नाही. आईने थापल्या, आणि आईच्या हाताला तो ठेका कधी जमला नाही.

सोन्याची टोपी घालायला अण्णांची हरकत नव्हती, हरकत शास्त्राची होती, आणि शास्त्र आमच्या गावात जोशीबुवांच्या घरी राहत असे. त्यांना बोलावलं. ओसरीवर बैठक बसली. "सोनं हा अलंकार," जोशीबुवा म्हणाले. "विधवेला अलंकार वर्ज्य. यात विचारण्यासारखं काय आहे?"

"दाढ कुनाला दिसती, बुवा?" आई दाराआडून म्हणाली.

"देवाला दिसते, वहिनी."

देवाला एवढं बारीक दिसत असताना त्याला तो हुरड्यातला खडा कसा दिसला नाही, हे विचारायचं माझ्या मनात होतं. पण मी लहान होते आणि मुलगी होते, म्हणजे दोन कारणं झाली. अण्णांनी चांदीचा पर्याय सुचवला. चांदी तर मुळीच नाही, असं ठरलं, कारण जोडवी चांदीची आणि जोडवी सवाष्णीची. मग तांबं निघालं. तांबं पवित्र, पळी-पंचपात्र तांब्याचंच असतं. सगळ्यांचे चेहरे उजळले. कादरसाहेब पान लावत बसले होते, ते म्हणाले, "तांबा? मुँह में? हरा हो जाता. फिर मेरे पास नक्को आना." लोखंड शनीचं म्हणून बाद झालं. "मग कथलाचं काहीतरी करा," अण्णा वैतागून म्हणाले. कादरसाहेबांनी पान खाली ठेवलं. "साब, दाँत है. पतीला नै."

हे सगळं बोलताना दर वाक्याला अण्णांचा दात चमकत होता. निरोगी दाताला सोनं चालत होतं, कारण तो पुरुषाचा होता. फुटक्या दाढेला चालत नव्हतं, कारण ती विधवेची होती. यात काही विसंगती आहे असं त्या ओसरीवर कुणालाही वाटलं नाही. (त्या चमकत्या दाताचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. टोपीखाली तो चांगला दात कुजला, आणि मोठ्या साहेबांच्याच पंगतीत आमरसाबरोबर टोपी अण्णांच्या पोटात गेली. ते सोनं परत मिळालं की नाही, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. अण्णांचं हसणं मात्र त्या दिवसापासून पूर्वीसारखं दुर्मीळ झालं.)

बैठक उठायच्या बेताला आली तेव्हा आत्या बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती येत नसे. गाल बांधलेला, त्यामुळे बोलणं जड. "बुवा, येक इचारू का?"

"विचारा की."

"मी मेल्यावर माज्या तोंडात काय घालतेत?"

"आक्का!" अण्णा ओरडले.

"तुला न्हाई इचारलं, गणपता. बुवांस्नी इचारलं."

जोशीबुवांनी घसा साफ केला. "तुळशीपत्र, गंगेचं पाणी आणि ऐपतीप्रमाणे सोन्याचा तुकडा."

"इधवा बाईला बी?"

"सगळ्यांना. मरणाला भेद नाही."

"मग तवा त्यो अलंकार न्हाई व्हय?"

"छे छे. ते अंत्यकाळचं सोनं. त्याला लेणं म्हणत नाहीत."

"मग तेच घाला की," आत्या म्हणाली. "मेल्यावर घालायचं ते आताच घाला. तवा मला त्येचा काय उपेग? मेलेलं मानूस भाकर खातंय का?"

कादरसाहेब सुपारी चावायचे थांबले. जोशीबुवा म्हणाले, "पण... अंत्यकाळ यावा लागतो, आक्का."

"कवा यील ते तुमाला ठावं हाय का? मला न्हाई. आन् त्या वक्ताला तुमी कपिलधारच्या जत्रंला गेलेले आसले, तर माजं तोंड तसंच मोकळं जायाचं. त्येचं पाप कुनाच्या डोक्यावर?"

मी नंतर इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं, मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. पण समोरच्याचं शस्त्र इतक्या सभ्यपणे काढून घेऊन त्याच्याच हातात बुक्का लावून परत देणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही. जोशीबुवा बराच वेळ पंचांग चाळत बसले, जणू त्यात दातांचं पान होतं. शेवटी निर्णय झाला: टोपी म्हणजे अंत्यकाळचं सोनं, ते आगाऊ दिलं असं समजावं. मात्र ते विधीपूर्वक द्यावं, तुळशीपत्र आणि गंगेच्या पाण्यासकट, म्हणजे बोल राहणार नाही. दक्षिणा आगाऊ घ्यायची की वेळेवर, या प्रश्नावर शास्त्र गप्प आहे असंही ते म्हणाले. म्हणून ती दोन्ही वेळा घेतली गेली. त्या दिवशी त्यांनी, आणि आत्या खरोखर गेली तेव्हा त्यांच्या मुलाने. त्याने बिचाऱ्याने सोन्याचा तुकडा मागितला. आई म्हणाली, "घातलेला हाय. वापरून झालाय."

"सोनं मी देतो," अण्णा त्या दिवशी म्हणाले. औदार्य दाखवायला हीच वेळ बरी, असं त्यांना वाटलं असावं.

"तुजं तुज्या दाताला ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली, मोहरीच्या डब्यात हात घातला आणि चिंधीत बांधलेली माहेरची वाटी आणून कादरसाहेबांच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावर दोन मोहऱ्या चिकटलेल्या होत्या. अण्णांनी मान फिरवली. जोशीबुवांनी पंचांग मिटून काखेत घातलं. एका दिवसात एवढं शास्त्र पुरे, असं त्यांनाही वाटलं असेल.

निखिल, आता तुझ्या सुईबद्दल. आत्याला सुई नव्हती. लवंगेचं तेल होतं आणि कादरसाहेबांजवळ ब्रँडीची बाटली होती, जी अण्णांच्या टोपीच्या वेळी बरीच खाली गेली होती. आत्याला विचारलं, तर तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं आणि बाटली पेटीत गेली. तिला अण्णांच्या आरामखुर्चीत बसवलं. कादरसाहेब पायाने यंत्र चालवू लागले. घुर्रर्र असा आवाज, मध्येच जळक्या शिंगासारखा वास, आणि आत्याचा हात माझ्या मनगटावर. ती ओरडली नाही. "चिल्लाओ अम्मा, कुछ नै होता," कादरसाहेब म्हणत राहिले. ती ओरडली नाही याने तेच घाबरले होते. दाढ घासून झाली, शीर मारायचं औषध भरलं, मेणाचा ठसा निघाला, आणि मग कादरसाहेब अंगणात छोट्या ऐरणीवर ती वाटी ठोकत बसले. मंगळसूत्राची वाटी आतून पोकळ, गोल. दाढेच्या टोपीचा आकारही तसाच. फार ठोकावी लागली नाही.

बसवायच्या दिवशी विधी झाला. दिंडी दरवाजा उघडा होता, कारण कादरसाहेबांना उजेड हवा होता. ओसरीवर आत्या आरामखुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडून पडलेली. शेजारी जोशीबुवा मंत्र म्हणताहेत. आईने गोदावरीचं पाणी आणलेलं. आमच्याकडे तिलाच गंगा म्हणतात. जोशीबुवांनी आत्याच्या तोंडात पळीभर पाणी सोडलं आणि वर तुळशीपत्र ठेवलं. कादरसाहेब हातात टोपी आणि चिकटवायचा लुकण घेऊन उभे होते, आणि लुकण वाळत चालला होता. "पंडतजी, ये पत्ता निकालो पहले," ते शेवटी ओरडले. "मैं दाँत देखूँ के झाड़ देखूँ?" तुळस काढली, आत्याने गंगा गुळण्या करून अंगणात थुंकली, दाढ कोरडी केली आणि टोपी बसली. उद्यापर्यंत चावायचं नाही, आणि उद्या चावून टिकली तर टिकली, असं सांगून कादरसाहेब आपलं मटण जेवायला बसले.

पाण्याला जाणाऱ्या बायकांनी मात्र दरवाजातून निम्मंच पाहिलं होतं. पडलेली आत्या, उघडं तोंड, तुळस, गंगा, सोनं आणि जोशीबुवा. आणखी काय पाहायचं बाकी राहतं? त्या पुढे बघायला थांबल्या नाहीत. गावाला आमच्या दारात यायचा धीर झाला नाही, पण बातमीला धीर लागत नाही. ती एका गाडीवानाबरोबर संध्याकाळीच चकलांब्याला पोचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीपासूनच रडण्याचा आवाज आला. आत्या चुलीपुढे होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. दर थोड्या वेळाने जिभेने दाढ चाचपून पाही, आणि चावायची वेळ पुढे ढकली. तिला एवढी घाबरलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, यंत्राखालीसुद्धा. रडणं जवळ आलं तसं तिने विचारलं, "कोन गेलं गं, छबे?"

दारात बैलगाडी थांबली. आत्याचा दीर खाली उतरला, डोक्याचा पटका काढून हातात घेतलेला. मागे तिची जाऊ, ऊर बडवीत. "आगं माज्या बाई गं! न सांगता कावून गेलीस गं!" दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी आणायची असते, ती मोठी दुरडी तिच्या कमरेवर होती. आत्या हाताचं पीठ झटकत ओसरीवर आली. जावेच्या तोंडातला "गं" अर्धाच राहिला.

"वैनी," दीर म्हणाला, "तुमी हाय?"

"हाय की, भावजी. न्हाई म्हून कुनी सांगितलं?"

जावेने दुरडी गाडीकडे परत फिरवली, तर अण्णा म्हणाले, दुखवट्याचं अन्न परत नेत नाहीत. ते घरात घ्यायचं नाही, असं जोशीबुवा असते तर म्हणाले असते. सुदैवाने ते नव्हते. दुरडी ओसरीवर मध्यभागी राहिली आणि तिच्याभोवती आम्ही सगळे, जसे काही तिच्यात नाग होता. मग आत्या खाली बसली. फडकं बाजूला केलं. दूरच्या वाटेने भाकऱ्या वाळून पापडासारख्या झाल्या होत्या. तिने वरची काढली, कड मोडली आणि डाव्या बाजूला ठेवली.

कादरसाहेब पेटी बांधता बांधता थांबले. आईने पदर तोंडात धरला. मी आत्याच्या जबड्याकडे पाहत राहिले. एकदा, अगदी हळू. मग पुन्हा. आणि मग तो आवाज आला, कडकड, कडकड, जो पंधरा-वीस दिवस आमच्या घरात नव्हता. आत्याने डोळे मिटले होते. घास गिळला. दुसरा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोही तसाच खाल्ला. मग डोळे उघडून जावेकडे पाहिलं.

"मी मेले म्हून मीठ बी कमी घातलंस व्हय गं?"